नव्याला हात लावायचा नाही

कुलूपवाल्याच्या घरात नवी वस्तू वापरायची चोरी होती. साबण आणला की तो थेट मागच्या खोलीत जायचा, आणि न्हाणीघरात जुन्या साबणाच्या चिपाट्या एकमेकींना चिकटवून अंघोळी उरकायच्या. झाडू बुडखा उरेपर्यंत झिजवायचा. दुकानातही तीच तऱ्हा. लोखंड कापायच्या करवतीची पाती दात जाऊन गुळगुळीत झाली तरी हा बाबा ती फेकायचा नाही. उलटी करून लावायचा, तेल सोडायचा, घामाघूम व्हायचा. आणि मागच्या खोलीत मेणकागदात गुंडाळलेली नवीकोरी पाती आरामात पडून असायची.

"जुनं संपल्याशिवाय नव्याला हात लावायचा नाही," हा त्या घरचा कायदा. जुनं संपलं की नाही, हे ठरवणारा न्यायाधीशही तोच.

"तुम्हाला बायको नकोच होती, गोदाम हवं होतं," बायको म्हणायची, आणि सुरुवातीच्या दिवसांत तो हसायचासुद्धा. पुढे हसणं बंद झालं. एकदा चुलीपाशी काड्या सादळल्या म्हणून तिने न विचारता मागच्या खोलीतली नवी काडेपेटी फोडली. त्याने उलट्या हाताची अशी एक ठेवून दिली की ओठ दातावर आपटून फाटला. रक्त पिठाच्या परातीत पडलं. लेक दारात उभी राहून बघत होती. त्यानंतर त्या बाईने त्या खोलीतलं काहीही विचारल्याशिवाय फोडलं नाही. एक वेळ सोडली तर कधीच नाही.

आता तुम्ही म्हणाल, काय राक्षस माणूस! राक्षस नव्हता हो. लेकीच्या तापात रात्ररात्र बसणारा बाप होता. पण त्याच्या लहानपणी एकदा शहरात मोठी टंचाई आली होती. त्याची आई पिठाच्या रांगेत गेली आणि परत आली ती रिकामी पिशवी घेऊन. कपाळावरचे केस मुळासकट उपटलेले, आणि स्वतःच्या मुठीत दुसऱ्याच कुठल्या बाईचे केस. ती मूठ तिला उघडता येईना. धाकटा भाऊ त्याच थंडीत भुकेने गेला. तेव्हापासून कुलूपवाल्याच्या पोटात भीतीचा जो गोळा बसला, तो जेवण झाल्यावरही तसाच राहायचा.

म्हणून ती मागची खोली. दुकानामागे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघरामागे ही. गल्लीकडची खिडकी त्याने स्वतः विटांनी बुजवली होती. जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, आणि गल्लीच्या भिंतीला टेकून पिठाच्या आणि तांदळाच्या पोत्यांची थप्पी. मध्ये दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी जागा. दाणागोट्याला कीड लागू नये, ओल येऊ नये म्हणून लोखंडी दाराला चारी बाजूंनी रबर. आणि त्या दारावर त्याच्या हातचं सगळ्यात भारी कुलूप.

त्या कुलपाची गंमत अशी की त्याला दोन किल्ल्या होत्या आणि दोन्ही त्याच्या गळ्यातल्या दोरीत असायच्या. गंजकी ती खरी. चकचकीत ती खोटी. चोराने मारहाण करून किल्ली मागितली तर चकचकीत द्यायची. ती फिरवली की दाराच्या पोटात पोलादी खिळा खाली पडायचा, आणि मग खऱ्या किल्लीलाही दार दाद द्यायचं नाही. कापूनच काढावं लागायचं. बिछान्यावर पडल्या पडल्या तो त्याची उजळणी करायचा. ते मारतील, मी मार खाईन, मग रडत रडत चकचकीत देईन. शेकडो वेळा त्याने मनातल्या मनात ती दिली होती.

पोती आत वाहून आणली ती मेहुण्याने. बायकोचा धाकटा भाऊ, बाजारात हमाल. मान अशी की डोकं खांद्यात रुतलंय की काय असं वाटावं. ताईचं घर म्हणून त्याने एक पै घेतली नाही.

"दाजी, दाराला आतून कडी नाही बसवली ती?" त्याने घाम पुसत विचारलं होतं.

"कशाला? तांदूळ आतून कडी लावून बसणार आहे का?"

सगळे हसले होते. लेक तर पोट धरून हसली होती.

मग यायची ती टंचाई आली. माल आणणारे ट्रक थांबले, वीज गेली, दुकानांच्या फळ्या आतून ठोकल्या गेल्या. कोपऱ्यावरच्या पाववाल्याला लोकांनी त्याच्याच दुकानात तुडवला. त्याचे दात काउंटरवर सांडले होते आणि लोक त्यावरून हात घालून पाव उचलत होते. कुलूपवाल्याने हे डोळ्यांनी पाहिलं. घरी येऊन मागच्या दाराला पाठ लावून तो कितीतरी वेळ बसला. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. आयुष्यभर लोक हसले. आता हसा म्हणावं.

एके सकाळी मेहुणा आला. गालफडं बसली होती.

"दाजी, पोराला दूध नाही. बायकोचं दूध आटलंय. एक पावडरीचा डबा द्या. बाकी काही नको."

"आज डबा, उद्या पोतं," कुलूपवाला कानस घासता घासता म्हणाला. वर पाहिलंसुद्धा नाही.

"ती पोती माझ्या पाठीवरून आलीत दाजी."

"म्हणून तुझी झाली का?"

"अहो, द्या ना," बायको दारातून म्हणाली. "तान्हं आहे ते."

"तू गप बस."

मेहुण्याने खालच्या मानेने आत जायला पाऊल उचललं. कुलूपवाल्याने हातोडी उचलली आणि त्याच्या कानावर हाणली. कान फाटून लोंबला. रक्त मानेवरून सदऱ्यात उतरलं. त्या बैलासारख्या माणसाने मनात आणलं असतं तर दाजीची मान तिथेच पिरगाळली असती. पण समोर ताई तोंडावर हात घेऊन उभी होती. त्याने कान तळहाताने दाबला.

"मी परत येणार," तो म्हणाला. "तेव्हा मागणार नाही."

तो बोलल्याप्रमाणे आला. दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत आरडाओरडा ऐकून कुलूपवाल्याने फळीच्या फटीतून पाहिलं. पुढे मेहुणा, डोक्याला फडकं बांधलेला. शेजारी खाटीक, कमरेला सुरा. मागे हातात लोखंडी नळ्या घेतलेली पाच-सात माणसं. त्याने बायकोला आणि लेकीला दंडाला धरून मागच्या खोलीत ढकललं.

"कंदील घे. आवाज करू नकोस. हे गेले की काढतो."

"अहो, माझा भाऊ आहे तो. मी बोलते त्याच्याशी."

"तुझा भाऊ आहे, खाटीक कोण लागतो तुझा? आत हो!"

"इथं हवा कुठाय?"

"किल्लीच्या भोकातून येते की!" त्याने दार लोटलं आणि गंजकी किल्ली फिरवली.

पुढची फळी तीन लाथांत आत आली. "ताई कुठाय?" मेहुण्याने आल्या आल्या विचारलं, आणि कुलूपवाला धडधडीत खोटं बोलला, "मावशीकडे पाठवली, पोरीला घेऊन." ती आत आहे म्हटलं की भाऊ हाका मारणार, ती आतून रडणार, आणि दार उघडावं लागणार. त्याला दार उघडायचं नव्हतं. एवढी साधी गोष्ट होती ती.

"बरं झालं," मेहुणा म्हणाला. "तिच्यासमोर मला हे जमलं नसतं."

आणि त्याने सुरुवात केली. पहिल्या ठोशात नाकाचं हाड गेलं. दुसऱ्याने तो पितळी पट्ट्यांच्या खोक्यावर कोसळला. खाटकाने केस धरून वर ओढलं, बाकीच्यांनी नळ्यांनी पाठ फोडून काढली. कुलूपवाला बोलेना. मेहुण्याने त्याचा उजवा हात कामाच्या लाकडी ओट्यावर दाबून धरला, कालचीच हातोडी उचलली आणि बोटांवर मारली. एका बोटावर नाही, सगळ्या पंजावर. मग डावा हात. कुलूपवाला असा ओरडला की खाटीकसुद्धा क्षणभर मागे सरला.

"किल्ली, दाजी!"

आणि त्या क्षणी त्याच्या तोंडून जे निघालं ते तो बोललाच नाही म्हणा. इतक्या वर्षांची उजळणी बोलली. "गळ्यात... चकचकीत... चकचकीत ती."

मेहुण्याने दोरी तोडली, चकचकीत किल्ली घेतली आणि तो स्वयंपाकघरातून मागे धावला. कुलूपवाल्याला आपण काय केलं ते तेव्हा कळलं. "नको! फिरवू नको!" तो ओरडला, आणि आतून खण्ण आवाज आला. खिळा पडला. किल्ली हलेना म्हणून मेहुण्याने आपलं हमाली बळ लावलं, आणि ती भोकातच मोडली.

"ती आत आहे!" कुलूपवाला गुडघ्यांवर रांगत आला. मोडके हात छातीशी धरले होते. "तुझी ताई आत आहे रे! पोर आत आहे!"

मेहुण्याने त्याला लाथ घातली. मग दाराला कान लावला. खूप आतून, उशीत तोंड खुपसून रडावं तसा आवाज येत होता. तो वळला तेव्हा त्याचा चेहरा पाहवत नव्हता.

"उघड."

"नाही उघडत. कापावं लागेल. त्या भोकातूनच हवा जात होती, त्यात आता किल्ली आहे. आत कंदील आहे, तो हवा खातो."

"मग काप!"

कुलूपवाल्याने आपले दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. बोटं कुठेही वळली होती. ते दार कापू शकणारा शहरात एकच माणूस होता आणि त्याचे हात त्यांनी स्वतःच कुटले होते.

"तू काप. मी सांगतो तसं."

मेहुण्याने दुकानातली करवत आणली. बिजागरीवर लावली आणि जीव खाऊन ओढली. पातं नुसतं घसरत होतं. दुसरं लावलं, तेही तसंच. तिसऱ्याने बिजागरीवरचा रंगही गेला नाही. छिन्न्या बोथट. कानशी घासून आरशासारख्या झालेल्या.

"दाजी, चांगली पाती कुठायत?"

कुलूपवाला त्या दाराकडे बघत राहिला. त्याच्या नाकातलं रक्त तोंडात जात होतं. "आत," तो म्हणाला.

मेहुण्याने करवत त्याच्या तोंडावर फेकून मारली.

"भिंत!" कुलूपवाला ओरडला. "गल्लीची भिंत! खिडकी होती तिथे फोड, तिथला जोड त्यातल्या त्यात कच्चा आहे!"

कोळसेवाल्याकडून घण आणला. मेहुणा गल्लीत उभा राहून घण घालू लागला, आणि कुलूपवाला चिखलात बसून ओरडत होता, "तिथे नाही, डावीकडे! खाली! अजून खाली!" विटांची दुहेरी भिंत त्याने स्वतः बांधली होती आणि सिमेंटमध्ये अजिबात हात आखडता घेतला नव्हता. मेहुण्याच्या तळव्यांची कातडी सोलून दांड्याला चिकटली. कानाची जखम पुन्हा फुटली. तो "ताई, ताई" करत मारत राहिला. सुरुवातीला आतून भिंतीवर हात आपटल्याचा आवाज यायचा. मग तो थांबला.

भगदाड पडलं तेव्हा सूर्य गल्लीच्या टोकाशी टेकला होता. आत माणूस दिसलं नाही. पिठाचं पोतं दिसलं.

पोतं दिसल्याबरोबर माणसांना दुसरं काही दिसेना. खाटकाने पुढे घुसून ते बाहेर ओढलं आणि खांद्यावर घेतलं. दुसऱ्याने त्याच्या बगलेतून हात घातला. भगदाडापाशी ही झोंबाझोंबी झाली.

"बाजूला व्हा, आत माणसं आहेत!" मेहुणा ओरडला.

"माल काढल्याशिवाय माणसं कशी निघणार?" खाटीक म्हणाला. तसं बघितलं तर बरोबरच होतं ते. पण पोतं घेऊन तो भगदाडातच अडकून उभा होता, हलत नव्हता, दुसऱ्या पोत्याला हात घालत होता. मेहुण्याने त्याला ढकललं. खाटकाने सुरा काढून मेहुण्याचा हात कोपरापर्यंत चिरला. मेहुण्याने घण उचलला आणि त्याच्या छातीवर घातला. फासळ्या मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. खाटीक पोत्यावर आडवा झाला, तोंडातून फेस आला, पाय झाडले आणि संपला. बाकीचे भिंतीला चिकटले.

"फाडा!" हे कुलूपवाला ओरडत होता. "ओढत बसू नका, फाडा, सांडू द्या!" हात चालत नव्हते म्हणून त्याने भगदाडात डोकं खुपसलं आणि पोत्याची शिवण दातांनी धरली. मोडलेल्या नाकाने श्वास घेत, पिठात गुदमरत तो ती फाडत होता. आयुष्यभर ज्याने चिमूटभर सांडू दिलं नाही, त्याच्या अंगावरून पीठ गल्लीत वाहत होतं, तांदूळ गटारात जात होता, आणि "अजून, अजून सांडू द्या," असं तो रडत रडत म्हणत होता.

पोती बसली तशी वरच्या फटीतून एक छोटा पांढरा हात बाहेर आला.

मेहुण्याने लेकीला ओढून काढलं. ओठ निळे, डोळे वर गेलेले. त्याने तिच्या पाठीत थापट्या मारल्या, तेव्हा ती ओकली आणि मग रडली. घणाचा आवाज ऐकून आईने तिला थप्पीवरून भिंतीकडे ढकललं होतं. मेहुणा पोटावर सरपटत आत गेला. मग तो उलटा सरकत आला, काखेत हात घालून ताईला ओढत. तिचं डोकं त्याच्या छातीवर इकडून तिकडे गेलं, त्यावरूनच गल्लीतल्या सगळ्यांना कळलं.

ती दारापाशी सापडली होती. दाराचा जो दांडा चौकटीत शिरला होता, तो आतल्या बाजूने उघडाच होता. आतून कोण चोर येणार, म्हणून कुलूपवाल्याने तिथे झाकण बसवलं नव्हतं. तिने तो कापायला घेतला होता. निम्म्याहून जास्त कापलाही होता. तिच्या मुठीत फडक्यात धरलेलं एक पातं होतं. मेहुण्याने ते काढलं आणि कुलूपवाल्यापुढे टाकलं. पात्याला एकही दात उरला नव्हता. मग त्याने सदऱ्यातून मेणकागदाचं पुडकं काढलं. ते तिच्या मांडीशी होतं. आतली बाकीची सगळी पाती नवीकोरी होती, आणि कागद पुन्हा नीट घडी घालून, दोऱ्याने बांधून ठेवला होता.

"दुसरं का नाही घेतलं हिने?" मेहुण्याने विचारलं. कोणाला विचारतोय हे त्यालाही कळत नव्हतं.

"मी म्हटलं, आई दुसरं काढ," लेक म्हणाली. तिचे दात वाजत होते. "आई म्हणाली, हे अजून संपलं नाही. बाबा ओरडतील."

मेहुण्याने घण उचलला. कुलूपवाल्याने मान पुढे केली. "मार," तो म्हणाला. "मार रे. उपकार कर." तो खरोखरच विनवत होता. लेकीने मामाच्या पायाला मिठी मारली, आणि मेहुण्याचे हात वरच्या वर थांबले. मग त्याने घण टाकून दिला.

तो पुन्हा भगदाडातून आत गेला.

"खालच्या फळीवर," कुलूपवाला बाहेरून म्हणाला. "डाव्या हाताला. पावडरीचे सगळे डबे घेऊन जा."

मेहुणा एकच डबा घेऊन आला. पोराला दूध नव्हतं, त्याला घ्यावाच लागला. रडत रडतच त्याने तो काखेत मारला, दुसऱ्या हाताने भाचीला उचललं आणि तो गल्लीतून चालू लागला. लोक आता भिंतीपासून सुटून खाली बसले होते आणि खाटकाच्या अंगाखालचं, रक्ताने भिजलेलं सोडून बाकीचं पीठ ओंजळीने पिशव्यांत भरत होते. कुलूपवाल्याने त्यांना अडवलं नाही. तो बायकोपाशी सरकला आणि मोडक्या हातांनी तिच्या तोंडावरचं पीठ झटकू लागला. ओठावरचा जुना व्रण वर येईपर्यंत तो झटकत राहिला.